रुग्णवाहिकेतलं सोडाबायकार्ब: सोलापूर जिल्ह्यात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

हे पान दोघांसाठी लिहिलं आहे. घरात डायलिसिसचा रुग्ण असलेले कुटुंबीय हे एक. आणि दवाखान्यात पोहोचायच्या आधी रुग्णाला पहिला हात लावणारे डॉक्टर, सिस्टर आणि १०८ वरचे सहकारी हे दुसरे. मात्रा आणि इंजेक्शनबद्दलचा मजकूर फक्त प्रशिक्षित हातांसाठी आहे. घरच्यांनी काय करायचं ते त्या त्या ठिकाणी वेगळं सांगितलं आहे.

खाण्याचा सोडा आणि इंजेक्शनमधला सोडा एकच का?

रसायन एकच, सोडियम बायकार्बोनेट, म्हणजेच सोडाबायकार्ब. भज्यांच्या पिठात चिमूटभर घालतो तेच. इंजेक्शनमध्ये ते निर्जंतुक पाण्यात मोजून विरघळवलेलं असतं आणि शिरेतून थेट रक्तात जातं. धुण्याचा सोडा वेगळा. तो सोडियम कार्बोनेट, पोटात गेला तर तोंड आणि अन्ननलिका भाजू शकते.

रक्तात आम्ल वाढलं की सोडाबायकार्ब द्यायचं, इतकं सोपं नाही का?

दिसतं तितकं सोपं नाही. याच समजुतीपायी हे औषध नको तिथे दिलं जातं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

लिंबाच्या रसात सोडा टाकला की फेस उसळतो. तो कार्बन डायऑक्साइड. रक्तातही हेच घडतं. बायकार्बोनेट आम्लाशी जुळतं आणि त्यातून पाणी व कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हा वायू फुफ्फुसांतून बाहेर गेला तरच आम्ल खरोखर कमी झालं असं म्हणता येतं. ५० मिलिइक्विव्हॅलंट (औषधाची मात्रा मोजायचं एकक, पुढे एमईक्यू) औषध पूर्ण वापरलं गेलं तर लिटरभरापेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड तयार होतो. शांत पडलेला प्रौढ माणूस मिनिटाला साधारण २०० मिली बाहेर टाकतो. म्हणजे पाच-सहा मिनिटांचा वायू आपण एका सिरिंजने रक्तात सोडला.

ज्याचा श्वास नीट चालू नाही, ज्याला अँबू बॅगने (हाताने दाबून श्वास द्यायच्या पिशवीने) पुरेसा श्वास मिळत नाही, त्याच्या शरीरातून हा वायू जाणार कुठून? तो पेशींच्या आवरणातून सहज आत शिरतो आणि पेशींच्या आतलं आम्ल उलट वाढवतो. तपासणीत रक्ताचा आकडा सुधारलेला दिसतो आणि हृदयाच्या पेशी मात्र आणखी दमलेल्या असतात. म्हणून सोडाबायकार्ब हातात घ्यायच्या आधी एकच बघा: छाती वर-खाली होते आहे का?

बाकीचे तोटेही आहेत. औषध अतिशय संहत, म्हणजे घट्ट द्रावण असतं. ५० एमईक्यू सोडाबायकार्बमधून जितकं सोडियम जातं, तितकं जवळपास सव्वातीनशे मिली नॉर्मल सलाईनमध्ये असतं. रक्तातलं मोकळं कॅल्शियम उतरतं, त्यामुळे हृदयाचं आकुंचन कमजोर होऊ शकतं. हिमोग्लोबिन ऑक्सिजन घट्ट धरून ठेवतं, पेशींना सहज देत नाही.

पूर्वी हृदय बंद पडलेल्या प्रत्येकाला देत होते. मग आता का नाही?

१९७० च्या दशकात अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या शिफारशींत हे औषध पहिल्या फळीत होतं, आणि त्यावर वाढलेल्या डॉक्टरांच्या पिढीने तीच सवय पुढच्यांना दिली. १९८६ च्या शिफारशींनी ते मागे नेलं. हृदय बंद पडलेल्या प्रत्येक रुग्णाला सरसकट देऊ नये, असं २०१० मध्ये स्पष्ट सांगितलं गेलं आणि २०२० मध्येही ते कायम राहिलं.

कारण वर आलंच आहे. हृदय थांबल्यावर आम्ल वाढतं ते रक्त फिरत नाही म्हणून. रक्त फिरवण्याचा उपाय छातीदाब हाच आहे: मिनिटाला १०० ते १२० वेळा, प्रौढात ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मध्ये खंड न पाडता. त्याच्या जोडीला वेळेवर शॉक, श्वास आणि दर तीन ते पाच मिनिटांनी १ मिग्रॅ ॲड्रेनॅलिन. सोडाबायकार्बचं अँप्यूल (औषधाची काचेची कुपी) फोडण्यासाठी छातीवरचे हात निघाले, तर रुग्णाचं नुकसानच झालं.

मग रुग्णवाहिकेत ते ठेवायचं तरी कशाला?

कारण काही ठरावीक प्रसंगांत त्याची खरंच गरज असते आणि तेव्हा ते हाताशीच असावं लागतं. आपल्याकडे सगळ्यात जास्त भेटणारा प्रसंग म्हणजे वाढलेलं पोटॅशियम. किडनी निकामी झालेला, डायलिसिस चुकलेला रुग्ण. पाऊस, लग्नकार्य, पैशांची ओढाताण, गावाकडून गाडी न मिळणं, कारण काहीही असेल. पोटॅशियम साचत जातं आणि एका टप्प्यावर हृदयाची वीज बिघडवतं.

ईसीजीवर प्रत्येक ठोक्याच्या तीन खुणा ओळीने दिसतात: छोटी पी लहर, क्यूआरएस हा टोकदार भाग आणि शेवटी टी लहर. पोटॅशियम वाढलं की आधी टी लहर उंच आणि टोकदार होते, मग पी लहर चपटी होत नाहीशी होते, क्यूआरएस रुंदावतो आणि शेवटी सगळं मिळून एकच नागमोडी रेघ उरते. त्या नागमोडी रेघेपासून हृदय थांबायला फारसा वेळ लागत नाही.

इथे उपचारांचा क्रम महत्त्वाचा. पहिलं औषध कॅल्शियम. १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट, १० ते ३० मिली, ईसीजीवर नजर ठेवून हळू. ते पोटॅशियम कमी करत नाही, हृदयाला सांभाळतं आणि एक ते तीन मिनिटांत काम सुरू करतं. दुसरं, पोटॅशियम पेशींत ढकलणं: १० युनिट साधं इन्सुलिन आणि सोबत २५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे २५ टक्के डेक्स्ट्रोजचं १०० मिली. साल्ब्युटामॉलची वाफही याच कामाची, पण दम्याला देतो ती २.५ मिग्रॅची एक रेस्प्यूल (वाफेच्या औषधाची छोटी कुपी) इथे पुरत नाही. १० मिग्रॅ लागतं, म्हणजे चार.

सोडाबायकार्ब यानंतर. हृदय थांबलं असेल आणि कारण पोटॅशियम असेल, किंवा आम्लही बरंच वाढलेलं असेल, तर ५० एमईक्यू. नाडी चालू असलेल्या रुग्णात पाच मिनिटांत सावकाश. एकट्या सोडाबायकार्बने डायलिसिसच्या रुग्णाचं पोटॅशियम फारसं उतरत नाही. 'सोडा दिलाय, आता निघू' असं म्हणत कॅल्शियम न देता गाडी हलवणं मला धोक्याचं वाटतं.

आणखी एक सावधगिरी. डायलिसिस चुकलेल्या रुग्णाच्या फुफ्फुसांत बऱ्याचदा आधीच पाणी साचलेलं असतं. झोपलं की दम लागतो, छातीत घरघर असते. अशा माणसाला इतकं सोडियम एकदम दिलं तर दम वाढतो. नाडी चालू असेल तर इथे हात आखडताच बरा.

घरात डायलिसिसचा रुग्ण आहे. आम्ही काय लक्षात ठेवायचं?

पायांतली ताकद अचानक जाणं, उठता न येणं, ठोके मंद किंवा अनियमित होणं, छातीत धडधड, चक्कर, दम. डायलिसिस चुकलेलं असताना यातलं काहीही दिसलं तर उद्यावर टाकू नका. १०८ लावा आणि पहिल्याच वाक्यात सांगा: 'किडनीचा रुग्ण आहे, डायलिसिस अमुक दिवशी झालं होतं, त्यानंतर झालं नाही.' या एका वाक्याने येणाऱ्या डॉक्टरांच्या डोक्यात उपचाराची दिशा बदलते. फाइल, शेवटचा रक्ताचा रिपोर्ट आणि गोळ्यांची पिशवी सोबत घ्या. फिस्टुला (डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने केलेली रक्तवाहिन्यांची जोडणी) ज्या हातात आहे त्या हातात सुई टोचू देऊ नका, सलाईन दुसऱ्या हातात. जीवच जातो आहे अशी वेळ आली तर तो निर्णय डॉक्टरांचा.

खाण्याबद्दल आपल्या जिल्ह्यात एक गोष्ट मुद्दाम सांगावी लागते. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, सांगोल्याच्या बागा सगळ्यांना माहीत आहेत, आणि 'रक्त वाढतं' म्हणून आजारी माणसाला डाळिंबाचा रस प्रेमाने पाजला जातो. किडनीच्या रुग्णाला तो रस, शहाळ्याचं पाणी आणि केळी यांतून भरपूर पोटॅशियम जातं. 'कमी सोडियमचं' म्हणून मिळणारं मीठही नको, कारण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. पाहुण्यांनी फळांची करंडी आणली तर त्यांना हे मोकळेपणाने सांगा. वाईट वाटून घेऊ देत, चालेल.

वडील सोडियम बायकार्बोनेटच्या गोळ्या रोज घेतात. थकवा आला की दोन जास्त द्याव्यात का?

नको. त्या गोळ्या महिनोन्‌महिने आम्ल आटोक्यात ठेवण्यासाठी असतात, तातडीच्या वेळी त्यांचा उपयोग नाही. डॉक्टरांनी सांगितल्या तितक्याच द्या आणि आपल्या मनाने बंदही करू नका.

पुस्तकात 'एक अँप्यूल' लिहिलंय. आमच्या पेटीतलं एक अँप्यूल म्हणजे किती?

हा प्रश्न प्रत्येक पेटीच्या झाकणावर चिकटवून ठेवावा इतका महत्त्वाचा आहे. परदेशी पुस्तकांत 'एक अँप्यूल' म्हणजे बहुधा ८.४ टक्क्यांची ५० मिलीची भरलेली सिरिंज असते. त्यात प्रत्येक मिलीला १ एमईक्यू, म्हणजे एकूण ५०. आपल्याकडे सर्रास मिळतं ते ७.५ टक्क्यांचं, १० किंवा २५ मिलीचं. त्यात मिलीला साधारण ०.९ एमईक्यू. म्हणजे १० मिलीच्या अँप्यूलमध्ये ९ आणि २५ मिलीच्या अँप्यूलमध्ये २२ एमईक्यू.

५० किलोच्या माणसाला किलोला १ एमईक्यू द्यायचं तर ७.५ टक्क्यांचं सुमारे ५६ मिली लागतं. २५ मिलीची दोन पूर्ण आणि तिसऱ्यातलं थोडं. १० मिलीचं एकच अँप्यूल देऊन 'सोडा दिला' अशी नोंद केली, तर पाचवा हिस्साही गेलेला नसतो. शिफ्ट सुरू होताना पेटीतल्या लेबलवरची टक्केवारी आणि मिली वाचा, खरेदीत कंपनी बदलली की आकडाही बदलू शकतो.

एकाच लाइनमधून कॅल्शियम, ॲड्रेनॅलिन आणि सोडाबायकार्ब चालेल का?

एकापाठोपाठ एक, मध्ये लाइन (शिरेत लावलेली नळी) धुतल्याशिवाय, अजिबात नाही. कॅल्शियम आणि बायकार्बोनेट एकत्र आले की कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा साका बसतो. लाइन तुंबते आणि दोन्ही औषधं वाया जातात. ॲड्रेनॅलिन अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाच्या, द्रावणात निष्प्रभ होतं. दोन औषधांच्या मध्ये २० मिली नॉर्मल सलाईन जोरात सोडा. दुसऱ्या हातात दुसरी लाइन मिळाली तर उत्तमच.

सुई शिरेतच आहे याची खात्री करा. हे औषध शिरेबाहेर पसरलं तर कातडी आणि खालचं मांस सडू शकतं.

मानसिक आजाराच्या किंवा मज्जातंतूंच्या दुखण्याच्या गोळ्या एकदम घेतल्या तर?

ॲमिट्रिप्टिलीनसारख्या जुन्या गटातल्या गोळ्या उदासीनतेला, अर्धशिशीला आणि मधुमेहींच्या पायांच्या जळजळीला दिल्या जातात, त्यामुळे त्या पुष्कळ घरांत असतात. जास्त प्रमाणात त्या हृदयातले सोडियमचे मार्ग अडवतात. गुंगी, झटके, उतरलेलं बीपी, आणि ईसीजीवर रुंद झालेला क्यूआरएस.

सोडाबायकार्ब मनापासून द्यावं असा हा प्रसंग आहे. क्यूआरएस १०० मिलिसेकंदांच्या पुढे गेला असेल, बीपी उतरलं असेल किंवा ठोक्यांची लय बिघडली असेल, तर किलोला १ ते २ एमईक्यू पटकन. मग ईसीजी पुन्हा काढा. क्यूआरएस अरुंद होताना डोळ्यांसमोर दिसतो, आणि नाही झाला तर मात्रा पुन्हा. इथे सोडियम आणि अल्कधर्म दोन्ही कामाला येतात, त्यामुळे रक्तात आम्ल नसलं तरी औषध लागू पडतं. रुग्णालयात रक्ताचा पीएच (आम्लतेचा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जास्त) ७.४५ ते ७.५५ च्या दरम्यान ठेवतात.

घरच्यांनी रिकाम्या पट्ट्या गोळा करून सोबत द्याव्यात. उलटी करवू नका, गुंगीतला माणूस ती श्वासनलिकेत ओढतो. आणि माणूस वाचल्यावर त्याला 'असं का केलंस' म्हणून फैलावर घेऊ नका. मनाच्या त्रासासाठी टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, त्यावर मराठीतही बोलता येतं.

फवारणीचं औषध, धान्यातल्या गोळ्या, ॲसिड: या विषबाधांत सोडा द्यावा का?

घरी तोंडाने सोडा कुठल्याच विषाला देऊ नका. ॲसिड प्यायलेल्याला सोडा पाजला तर उष्णता आणि वायू तयार होतो, आणि आधीच भाजलेलं जठर फाटू शकतं.

फवारणीच्या ऑर्गनोफॉस्फेट औषधांवर मुख्य उपाय ॲट्रोपीन. घाम, लाळ, बारीक झालेली बाहुली आणि छातीत भरलेलं पाणी दिसत असताना ॲट्रोपीन सोडून सोडाबायकार्ब शोधत बसू नये. भिजलेले कपडे काढा, अंग साबणाने धुवा.

ज्वारीच्या कणगीत आणि पोत्यांत ठेवायच्या ॲल्युमिनिअम फॉस्फाइडच्या गोळ्या ही वेगळीच आपत्ती. मंगळवेढ्याची मालदांडी असो की घरचा गहू, कीड लागू नये म्हणून कित्येक घरांत त्या गोळ्या सहज सापडतात. पोटात गेल्यावर त्यातून फॉस्फिन वायू निघतो, तो पेशींची ऊर्जाच तोडतो, बीपी कोसळतं आणि रक्तात प्रचंड आम्ल साचतं. उतारा नाही. सोडाबायकार्ब आम्ल सावरायला देतात, पण त्याने विष उतरत नाही, त्यामुळे मोठं रुग्णालय जितकं लवकर गाठता येईल तितकं बरं. पाणी पाजू नका, ओलाव्याने वायू अधिक निघतो. गाडीच्या खिडक्या उघड्या ठेवा, रुग्णाच्या उलटीतून येणारा वायू सोबतच्यांनाही बाधतो. या गोळ्या झोपायच्या खोलीत ठेवू नका, एवढी कळकळीची विनंती आहे.

विषारी दारूतल्या मिथेनॉलने आम्ल वाढून नजर धूसर झाली असेल तर सोडाबायकार्ब उपयोगी पडतं, मात्र खरे उपचार उतारा आणि डायलिसिस, म्हणजे पुन्हा मोठं रुग्णालय.

उसाच्या ट्रॉलीखाली किंवा पडलेल्या भिंतीखाली पाय तासन्‌तास अडकला असेल तर?

गाळप हंगामात रस्त्यावर उलटलेली ट्रॉली आपल्याला नवी नाही. आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप या भागातला कुणीच विसरलेला नाही. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली होती.

दाबलेल्या स्नायूंत पोटॅशियम, आम्ल आणि मायोग्लोबिन हे स्नायूंतलं प्रथिन साचतं. वजन उचललं की ते सगळं एकदम रक्तात येतं. बोलत असलेला माणूस बाहेर काढल्यावर काही मिनिटांत जातो, तो यामुळे. १९४१ मध्ये लंडनवरच्या बॉम्बवर्षावातल्या जखमींत बायवॉटर्स आणि बील या डॉक्टरांनी याचं वर्णन केलं. नंतर मायोग्लोबिन मूत्रपिंडात अडकून किडनी बंद पडते.

मुख्य औषध नॉर्मल सलाईन, आणि तेही माणूस अजून अडकलेला असतानाच सुरू करायचं. प्रौढाला तासाला साधारण १ ते दीड लिटर. रिंगर लॅक्टेट हे दुसरं सलाईन नको, त्यात पोटॅशियम असतं. ईसीजी लावून मगच वजन उचला. टी लहर टोकदार झाली किंवा क्यूआरएस रुंदावला तर कॅल्शियम, आणि लाइन धुऊन सोडाबायकार्ब. लघवी अल्कधर्मी ठेवण्यासाठी सलाईनमध्ये सोडाबायकार्ब मिसळण्याचा निर्णय रुग्णालयात, लघवी आणि रक्त तपासून होतो.

म्हणून गावकऱ्यांना विनंती: अडकून बराच वेळ झाला असेल तर क्रेन आणि १०८ दोन्हींना एकाच वेळी बोलवा. श्वास अडलेला असेल, आग किंवा आणखी कोसळण्याचा धोका असेल, तर मात्र थांबू नका, बाहेर काढा.

उष्माघातात?

नाही. मे महिन्यात पारा ४३-४४ च्या आसपास असताना बेशुद्ध सापडलेल्या माणसाला गारवा हवा. कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, काख-मानेला बर्फ लावा आणि तसंच गाडीत घ्या.

साखर खूप वाढून श्वास जोरजोरात चालला असेल तर?

तो जोराचा श्वास हा शरीराने स्वतः चालवलेला उपाय आहे. सलाईन सुरू करा, साखर मोजा, रुग्णालयात न्या. इन्सुलिन आणि पोटॅशियमचा हिशोब तिथे होतो. मधुमेहाच्या या आम्लविकारात सोडाबायकार्बचा विचार पीएच फारच खाली, ६.९ ते ७.० च्याही खाली गेल्यावरच करतात, आणि तो आकडा गाडीत कळत नाही.

लहान मुलांना आणि नवजात बाळाला?

न रडलेल्या बाळाला मास्कने नीट श्वास द्यायचा, औषधांची वेळ त्यानंतर, आणि बहुतेकदा ती येतच नाही. संहत सोडाबायकार्बमुळे नवजात बाळाच्या मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती असते. देण्याची वेळ आलीच तर ४.२ टक्क्यांचं, अतिशय सावकाश, आणि बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने.

करमाळा किंवा माळशिरसहून सोलापूरला यायला बराच वेळ लागतो. वाटेत काय?

कॅल्शियमचा असर ३० ते ६० मिनिटांत ओसरतो. डॉक्टर गाफील राहण्याची जागा हीच. गाडी निघताना ईसीजी सुधारलेला असतो, अर्ध्या वाटेत तो पुन्हा बिघडतो. मॉनिटर लावलेलाच ठेवा, दर १५-२० मिनिटांनी ईसीजीची पट्टी काढा, दुसरी मात्रा भरून तयार ठेवा. इन्सुलिन दिलं असेल तर साखर मोजत राहा, किडनीच्या रुग्णात इन्सुलिन जास्त वेळ टिकतं आणि साखर वाटेतच उतरते.

निघण्यापूर्वी फोन करून विचारा की डायलिसिस आत्ता, या घडीला होईल का. पंढरपूर, बार्शी, अकलूज यांपैकी जवळ सोय असेल तर थेट सोलापूरचा हट्ट नको. आषाढीच्या दिवसांत पंढरपूरकडचे रस्ते भरलेले असतात, तेव्हा हा फोन आणखी गरजेचा.

उन्हाळ्यात गाडीत औषध टिकतं का?

लेबलवर लिहिलेल्या तापमानातच ठेवा. उन्हात उभ्या गाडीतली पेटी सावलीत हलवा. द्रावण गढूळ दिसलं, तळाशी कण दिसले किंवा काचेला तडा असला तर टाकून द्या. उघडलेलं अँप्यूल पुढच्या रुग्णासाठी ठेवू नका.

सिव्हिलला किंवा दुसऱ्या रुग्णालयात सोपवताना काय सांगायचं?

किती टक्क्यांचं, किती मिली, किती वाजता आणि कशासाठी दिलं. 'दोन अँप्यूल सोडा' एवढ्याने समोरच्याला काहीच कळत नाही. औषधाआधीची आणि नंतरची ईसीजीची पट्टी वेळ लिहून कागदाला जोडा. सोडाबायकार्ब दिल्यावर घेतलेल्या रक्तात पीएच, सोडियम आणि पोटॅशियमचे आकडे बदललेले असतात, म्हणून देण्यापूर्वी रक्त काढून ठेवता आलं असेल तर ती नळी नाव आणि वेळ लिहून सोबत द्या. कॅल्शियम शेवटचं किती वाजता दिलं हे तोंडी सांगा आणि कागदावरही लिहा.